गाडी भाड्याने न घेता दोन आठवडे युरोप: ॲम्स्टरडॅम ते रोम, रेल्वेने

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "किती देश करणार?" रेल्वेने फिरायचं असेल तर तो बाजूला ठेवा आणि मुक्काम किती ते आधी ठरवा. शहर बदललं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचं, उतरल्यावर नवं हॉटेल शोधायचं आणि खोली दुपारी तीनपर्यंत मिळणार नाही हे ऐकायचं. चौदा रात्रींत पाच मुक्काम पुरे. सहावा घातलात तर पाहण्यापेक्षा बॅगा ओढणंच जास्त होईल.

मोटार का नको, हे थोडक्यात. फ्लोरेन्स आणि रोमच्या जुन्या भागांत परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची तर त्याचे भरपूर पैसे वेगळे लागतात.

आधी मार्ग, मग विमान

नकाशावर एकच रेघ ओढा, जिथून निघालात तिथे परत येऊ नका. ॲम्स्टरडॅम, पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं लुत्सर्न, फ्लोरेन्स, रोम ही रेघ पहिल्या सहलीला उत्तम. विमानाचं तिकीट शोधताना 'रिटर्न' ऐवजी 'मल्टी-सिटी' निवडा, म्हणजे जाताना मुंबई-ॲम्स्टरडॅम आणि येताना रोम-मुंबई. रोमहून ॲम्स्टरडॅमला परतण्याचा दिवस आणि खर्च दोन्ही वाचतात.

वार जुळवा

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, फ्लोरेन्सची उफ्फित्सी गॅलरीही सोमवारी बंद आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. म्हणून शनिवारी ॲम्स्टरडॅमला उतरा. तिथे शनि, रवि, सोम अशा तीन रात्री. मंगळवारी पॅरिसला जा, तिथे तीन रात्री. लूव्र बुधवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, त्यामुळे संध्याकाळी निवांत जाता येतं. शुक्रवारी लुत्सर्न, पुन्हा तीन रात्री. सोमवार फ्लोरेन्सच्या प्रवासात जातो, म्हणजे उफ्फित्सी बंद असल्याचं नुकसान नाही. तिथे दोन रात्री, मग बुधवारपासून रोममध्ये तीन आणि शनिवारी परतीचं विमान. व्हॅटिकन गुरुवारी ठेवा. बुधवारी सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात बहुधा पोपची सभा असते, तेव्हा गर्दी विचारू नका.

स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. दूध-पाव हवा असेल तर स्टेशनातली दुकानं उघडी सापडतात. ॲम्स्टरडॅममधलं ॲन फ्रँकचं घर पाहायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात आणि भराभर संपतात.

व्हिसा

या आखणीत इटलीत पाच रात्री होतात, बाकी प्रत्येक देशात तीन. या सगळ्या देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज सर्वांत जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो, म्हणून उतरताय ॲम्स्टरडॅमला तरी अर्ज इटलीचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. मे-जूनच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी लढाई, त्यामुळे चार-पाच महिने आधी हात घाला. हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येणारीच घ्या. रेल्वेची स्वस्त तिकिटं परत होत नाहीत, ती व्हिसा हातात पडल्यावर लगेच काढा.

पास की तिकीट?

'युरेल पास (युरोपभर रेल्वेने फिरण्याचा एकच पास) घेतला की झालं' हा सल्ला सर्रास मिळतो. या मार्गासाठी मला तो पटत नाही. लांबचे प्रवास चारच आहेत आणि युरोस्टार, फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असा दौरा असता आणि आयत्या वेळी बेत बदलायची सवय असती, तर पास घ्या म्हटलं असतं. तिथे बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही.

स्वित्झर्लंडचा हिशेब निराळा. तीन दिवस रोज भटकणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास घ्या. रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शिवाय लुत्सर्नजवळचा रिगी डोंगरही त्यात येतो. बोटीने फित्स्नाऊला जायचं आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने वर. युंगफ्राउयोखचं, म्हणजे ३,४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनचं तिकीट मात्र पासात पूर्ण येत नाही, फक्त सवलत मिळते. आकाश ढगाळ असेल तर ते पैसे वाचवा आणि रिगीवर समाधान माना.

स्टेशनांची नावं

तिकिटावर फ्लोरेन्स नसतं, 'फिरेंत्से' असतं. ॲम्स्टरडॅमहून युरोस्टार पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनला पोचते, तर लुत्सर्नच्या वाटेवरच्या बाझेलची टीजीव्ही गार द लिऑन स्टेशनहून सुटते. दोन्हींमध्ये आरईआर डी ही लोकलची लाइन थेट धावते. हॉटेल याच लाइनच्या आसपास घेतलंत तर बॅगांसह मेट्रोचे जिने चढावे लागणार नाहीत. फ्रान्समध्ये टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. पळत येऊन डब्याला लोंबकळण्याचं मुंबईचं कसब तिथे कामाचं नाही.

पॅरिस ते बाझेल सुमारे तीन तास, तिथे गाडी बदलून लुत्सर्न आणखी तासभर. लुत्सर्नहून फ्लोरेन्सला जाताना मिलानो चेन्त्राले, म्हणजे मिलानच्या मुख्य स्टेशनात बदलायचं. स्विस बाजूची गाडी ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून येते. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मधे किमान एक तास ठेवा. पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली, तर भुर्दंड तुमचाच. फ्लोरेन्स ते रोम दीड तास, हा सगळ्यांत सोपा टप्पा.

सामान आणि खाऊ

हमाल मिळेल या भरवशावर राहू नका. माणशी एक मध्यम बॅग, स्वतःला उचलून डब्यात चढवता येईल एवढीच. कपडे धुण्याचा बेत लुत्सर्नला ठेवा. चिवडा, शंकरपाळे, मेतकूट खुशाल न्या, पण तूप, पेढे, खवा नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे.

संप

इटलीत आणि फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, पण बहुधा तारीख आधी जाहीर होते. इटलीत संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ प्रादेशिक गाड्यांची हमी असते. मार्गाचं शेवटचं टोक रोम ठेवण्याचं हेही एक कारण. तिथे तीन रात्री हाताशी असल्याने फ्लोरेन्सची गाडी रद्द झाली तरी विमान चुकत नाही. रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोचवते, आणि तीही बंद असली तर शहराच्या मध्यभागातून ठरलेल्या दराने टॅक्सी मिळते.