घरातल्या ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवताय? या चुका टाळा

आत्याला शिकवायला मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा दहा मिनिटांत तिच्या हातातला माऊस माझ्या हातात आला होता. "थांब, दाखवतो," म्हणत मी धडाधड चार क्लिक केले. ती "हो हो" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल पडला.

माऊस हिसकावू नका. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आपली असते. ज्येष्ठांना यंत्राची भीती वाटते ती थोडी. आपल्यामुळे काही बिघडेल आणि पोरं ओरडतील, ही भीती जास्त. म्हणून हात त्यांचाच राहू द्या, आपण फक्त बोलायचं. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागतील, लागू द्या.

"काही होत नाही गं" असं नुसतं म्हणू नका. करून दाखवा. आत्याला मी एक पानभर मजकूर टाइप करायला लावला, मग सगळा निवडून पुसायला लावला. ती कासावीस झाली. मग कंट्रोल आणि झेड एकत्र दाबायला सांगितलं. पान परत आलं! त्या दिवशी तिने तो मजकूर पाच-सहा वेळा उडवला आणि परत आणला. पुढच्या वेळी एक फाइल डिलीट करून रिसायकल बिनमधून परत काढली. रुमाल त्यानंतर निघाला.

डबल क्लिकवर अडून बसू नका. बोटं थरथरतात, दोन क्लिकच्या मध्ये माऊस हलतो आणि फाइल उघडण्याऐवजी सरकते. दोष बोटांचा नाही, सेटिंगचा आहे. विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. नाहीतर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा, काम तेच होतं. बाण मोठा करा. वेबपेजवरची अक्षरं बारीक वाटली तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. टचपॅडच्या फंदात सुरुवातीला पडूच नका, साधा वायरचा माऊस आणा. तो टेबलाच्या कडेला पोचला की उचलून मागे ठेवायचा असतो, हेही सांगावं लागतं.

सुरुवात फाइल-फोल्डरच्या व्याख्येने नको. त्यांचं काम काय ते विचारा. आत्याला गावच्या जमिनीचा सातबारा बघायचा होता. महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या वेबसाइटवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक असं एकेक निवडत जावं लागतं. हे सगळे शब्द तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्यामुळे तिथे ती मला शिकवत होती. (कॅप्चाने, म्हणजे चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करण्याने, मात्र दोघांनाही रडवलं.)

मराठी टाइप करण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. घरात कुणी जुने टायपिस्ट असतील तर त्यांच्यावर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची पद्धत लादू नका. त्यांची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांवर घडलेली असतात. त्या पद्धतीचा कळफलक कॉम्प्युटरवर बसवून घेता येतो. मग बघा वेग.

आयकॉन परस्पर हलवू नका. त्यांनी वहीत लिहिलेलं असतं, "डावीकडे वरून तिसरं चित्र." तुम्ही रविवारी येऊन डेस्कटॉप आवरला की ती वही रद्दी झाली. आणि वही त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शब्दांत हवी.

सगळ्याच गोष्टींची धास्ती घालू नका. "कुठेही क्लिक करू नकोस" म्हटलं की माणूस काहीच करत नाही. धोक्याच्या मोजक्या गोष्टी वेगळ्या काढून सांगा: ओटीपी आणि पिन कुणालाही द्यायचा नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरमध्ये काही उतरवून घ्यायचं नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत, "डिजिटल अरेस्ट" असं काही कायद्यात नाही. चुकून पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, मग मुलांना. हा आकडा आत्याने जाड स्केचपेनने लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवलाय.