बेसबॉलवाल्याचं मूळ गाव कसं शोधायचं

आपल्या खान्देशात नवीन माणूस भेटला की नावाच्या आधी गाव विचारतात, गाव कोनतं शे तुमनं, आणि एकदा गाव कळलं की कोणाचा पाव्हणा, कुठली सोयरीक हे सगळं आपोआप लागत जातं. मी सकाळी चहाबरोबर बेसबॉल बघायला लागलो (लॉस एंजेलिसची संध्याकाळी ७:१० ची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी ७:४० ला लागते, ड्युटीच्या आधी दोन-तीन इनिंग होतात) तेव्हा तीच सवय नडली, रन कमी अन गावं जास्त शोधत बसलो. भाचा म्हणे मामा हे सगळे अमेरिकनच ना, म्हटलं नाही रे बाबा, मेजर लीगमध्ये (अमेरिकेची सगळ्यात वरची बेसबॉल लीग) चारात एक तरी बाहेर जन्मलेला असतो, एकट्या डॉमिनिकन रिपब्लिकचेच शंभराच्या आसपास निघतात अन त्याच्या खालोखाल व्हेनेझुएला.

तर करायचं असं. एक वही घ्या अन चार रकाने पाडा, जन्म, वाढला कुठे, लीगमध्ये कोणत्या वाटेने आला, आणि शर्ट कोणत्या देशाचा. सुरुवातीला मी फक्त पहिला रकाना भरायचो अन तिथेच फसलो.

जन्मगाव सोपं आहे, लीगच्या वेबसाइटवर प्लेयरच्या पानावर असतं, बेसबॉल रेफरन्स म्हणून आकडेवारीची वेबसाइट आहे तिच्यावर तर देशाप्रमाणे याद्याच आहेत. पण माझ्या दाखल्यावर शिरपूर आहे, का तर आईचं माहेर तिथलं, पहिलं बाळंतपण माहेरी, बाकी मी पक्का पारोळ्याचा अन शिरपूरला फक्त सुट्टीत आंबे खायला जायचो. व्लादिमीर गुरेरो ज्युनियरचं तेच. जन्म १९९९ चा, कॅनडात माँट्रियलला, कारण बाप तेव्हा तिथल्या टीममध्ये खेळत होता, पण पोरगं वाढलं डॉमिनिकनमध्ये. यादीत मात्र कॅनडा. ब्रूस बोची म्हणून मॅनेजर होता, त्याचा जन्म फ्रान्सचा, का तर वडील अमेरिकन लष्करात होते म्हणून.

मग तिसरा रकाना, वाट, माझ्या मते सगळ्यात खरा साक्षीदार हाच. अमेरिका, कॅनडा अन पोर्टो रिको इथली पोरं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात. बाकीच्या देशांतली सोळा वर्षांची झाली की थेट टीमबरोबर करार करतात, हल्ली त्या करारांची खिडकी १५ जानेवारीला उघडते, आणि तीसच्या तीस टीमच्या अकॅडम्या डॉमिनिकनमध्ये आहेत. गुरेरो ज्युनियर २०१५ ला ह्याच दुसऱ्या वाटेने आला, कॅनडात जन्मून सुद्धा, म्हणजे लागला की निकाल. पोर्टो रिकोवर घरी वाद होतो, लीग त्यांना पन्नास राज्यांच्या बाहेरचे म्हणून मोजते, पण तिथले लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत. मी वेगळेच लिहितो, तिथल्या रोबेर्तो क्लेमेंतेसारख्या दिग्गजाच्या नावापुढे अमेरिका लिहायला हात होत नाही.

शर्टाचा रकाना वर्ल्ड बेसबॉल क्लासिकवरून भरायचा, देशादेशांच्या टीमची ही स्पर्धा २००६ पासून आहे. जपून भरा, कारण आईबापाच्या मुळावरूनही खेळता येतं. लार्स नूटबार जन्मला कॅलिफोर्नियात, आई जपानी, २०२३ ला जपानकडून खेळला अन जिंकला पण. फ्रेडी फ्रीमनही कॅलिफोर्नियाचाच, आईवडील कॅनडाचे म्हणून शर्ट कॅनडाचा. आजोळचा मान म्हणा.

नाव शोधताना गोंधळ होतो तो असा की स्पॅनिशमध्ये जे चा उच्चार ह, म्हणजे जोस नाही होसे, आणि दोन आडनावं असतात, आधी बापाचं मग आईचं, टीव्हीवर बहुतेक बापाचंच दाखवतात. आपला रिंकू सिंग टाकाल तर अलीगढचा केकेआरवाला येईल, तो नाही. बेसबॉलवाला रिंकू भदोहीकडचा, भालाफेकीतला पोरगा, २००८ ला एका टीव्ही स्पर्धेतून दिनेश पटेलबरोबर पिट्सबर्गच्या टीमने घेतला, पण दोघंही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत, रिंकू नंतर कुस्तीच्या शोमध्ये गेला.

आडनाव पण बोलतं बरं का. डॉमिनिकनमध्ये सान पेद्रो दे माकोरीस म्हणून गाव आहे, सॅमी सोसा, सोरियानो, रॉबिन्सन कानो, टाटिस ज्युनियर सगळे तिथले. मला वाटलं पाणीच तसं असेल. तर निघालं ऊस! तिथे साखर कारखाने होते, ऊसतोडीला आजूबाजूच्या इंग्रजी बेटांवरून मजूर आले, जसे आपल्याकडून पोरं घेऊन लोक गुजरातकडे ऊसतोडीला जातात तसेच, आणि येताना ते क्रिकेट घेऊन आले. म्हणजे क्रिकेट! पुढच्या पिढ्या बेसबॉलकडे वळल्या. म्हणून स्पॅनिश मुलखात रिको कार्टी, जॉर्ज बेल अशी इंग्रजी आडनावं दिसली की समजायचं हा कारखान्याच्या चाळीतला असू शकतो, मग वाढला कुठे तो रकाना नीट शोधायचा.

कोणत्या देशाचा मेजर लीगमधला पहिला कोण हे पण लिहून ठेवा, लवकर होतं. डॉमिनिकनचा पहिला ऑझी व्हर्जिल १९५६ (तोही वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, घ्या), जपानचा मुराकामी १९६४, आफ्रिकेतला पहिला गिफ्ट न्गोएपे २०१७. १९४७ च्या आधीच्या याद्यांत कॅरिबियनचे काळे प्लेयर शोधू नका, जॅकी रॉबिन्सन हा काळा प्लेयर त्या वर्षी लीगमध्ये येईपर्यंत त्यांना दारच बंद होतं.

परवा भाच्याने पहिली ओळ स्वतः भरली, शोहेई ओतानी. जन्म इवाते, वाढला तिथेच, वाट जपानी लीगमधून, शर्ट जपान. चारही रकान्यात एकच देश बघून म्हणे मामा हा बोअर आहे, दुसरा सांग.