बँकेच्या ट्रेझरीत रोख्यांचे मूल्यांकन शिकताना

शाखेतून किंवा थेट सनदी लेखापालाच्या परीक्षेनंतर बँकेच्या ट्रेझरी (गुंतवणूक) विभागात, त्यातही व्यवहार तपासणाऱ्या मिड ऑफिसमध्ये नेमणूक झालेल्या नव्या अधिकाऱ्याची पहिली समजूत अशी असते की, मूल्यांकन म्हणजे रोख्याचा आजचा भाव शोधून तो पुस्तकी किमतीशेजारी लिहिणे. भाव शोधणे हे या कामाचे लहान अंग आहे. प्रत्येक रोख्याबाबत तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावी लागतात: हा रोखा कोणत्या वर्गात ठेवला आहे, त्याची किंमत कोणत्या आधारावर घेतली, आणि पुस्तकी किमतीशी येणारा फरक नेमका कोणत्या खात्यात गेला. यांपैकी एकाचेही उत्तर अडखळत आले, तर लेखापरीक्षक बाकीच्या दोन उत्तरांवर विश्वास ठेवत नाहीत, असा माझा अनेक तिमाह्यांचा अनुभव आहे.

रास्त मूल्याची व्याख्या पाठ असणे पुरेसे नाही. तिच्यातली एकेक अट समजून घ्यावी. मूल्यांकनाच्या दिवशी, बाजारातील सहभागींमध्ये, सुरळीतपणे झालेल्या व्यवहारात मालमत्ता विकली तर जी किंमत मिळेल, ते तिचे रास्त मूल्य. आपण कितीला घेतली होती किंवा अजून किती वर्षे ठेवायचा मानस आहे, याला येथे स्थान नाही. तसेच एखाद्या संस्थेने अडचणीत सापडून मिळेल त्या भावाला विकलेल्या रोख्याची किंमत डोळे झाकून उचलायची नाही, कारण तो सुरळीत व्यवहार नव्हे. मात्र ‘हा व्यवहार अडचणीतला होता’ असे म्हणायचे तर त्याचा पुरावा आपल्याजवळ असावा लागतो. भाव आपल्या सोयीचा नाही, हा पुरावा होत नाही.

आकडे हातात आले की विषय लवकर बसतो. दहा वर्षे मुदतीचा, ७ टक्के कूपनचा (म्हणजे ठरलेल्या वार्षिक व्याजदराचा), सहामाही व्याज देणारा सरकारी रोखा बँकेने शंभर रुपये दराने घेतला आणि बाजारातील परतावा पुढे ७.५० टक्के झाला, असे समजा. मुदत तेवढीच धरली तर त्याची किंमत सुमारे ९६ रुपये ५३ पैसे येते. दर्शनी मूल्य शंभर कोटी असेल, तर साडेतीन कोटींच्या आसपास तोटा झाला. सरकारने व्याज चुकवलेले नाही, पैसे बुडालेले नाहीत, तरीही तोटा खरा आहे. याच रोख्यात परतावा एका बेसिस पॉइंटने, म्हणजे टक्क्याच्या शंभराव्या भागाने, हलला तरी शंभर कोटींमागे साधारण सात लाख रुपयांचा फरक पडतो. नव्याने आलेल्यांनी हे गणित एक्सेलमधील तयार सूत्राने करण्यापूर्वी एकदा तरी वीस हप्त्यांचे वर्तमान मूल्य स्वतः काढून पाहावे. सूत्रात व्याजाची वारंवारता चुकीची भरली गेली, तर उत्तर किती रुपयांनी हलते याचा अंदाज त्यामुळेच येतो.

आता वर्गांकडे. रिझर्व्ह बँकेने १२ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापारी बँकांसाठी गुंतवणुकीचे वर्गीकरण, मूल्यांकन आणि व्यवहार यांविषयी नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे रोखे, म्हणजे एचटीएम, हे मूळ खर्चाने दाखवले जातात. खरेदीच्या वेळचा अधिमूल्याचा किंवा सवलतीचा भाग उरलेल्या मुदतीत विभागून घेतला जातो आणि बाजारभावाने फेरमूल्यांकन होत नाही. एएफएस, म्हणजे विक्रीसाठी उपलब्ध, या वर्गातील रोख्यांचे मूल्यांकन किमान दर तिमाहीस होते आणि फरक नफा-तोटा पत्रकाला न शिवता एएफएस राखीव निधीत जातो. तिसरा वर्ग एफव्हीटीपीएल (फेअर व्हॅल्यू थ्रू प्रॉफिट अँड लॉस). त्यातील फरक थेट नफा-तोटा पत्रकात उतरतो, आणि व्यापारासाठी ठेवलेल्या एचएफटी या त्याच्या उपवर्गाचे मूल्यांकन रोज करावे लागते. उपकंपन्या, सहयोगी कंपन्या आणि संयुक्त उपक्रम यांतील गुंतवणूक या तिन्हींच्या बाहेर, वेगळी.

येथे हेतूइतकेच रोख्याच्या अटींनाही महत्त्व आहे, आणि नवे अधिकारी नेमके हेच विसरतात. ठरलेल्या तारखांना मिळणारी रक्कम केवळ मुद्दल आणि त्यावरील व्याज अशीच असेल, तरच कर्जरोख्याला एचटीएम किंवा एएफएसचे दार उघडते. परतावा एखाद्या शेअर निर्देशांकाशी जोडलेला असेल, तर बँकेने तो दहा वर्षे तिजोरीत ठेवायचा निश्चय केला, तरी त्याची जागा एफव्हीटीपीएलमध्येच. म्हणून खरेदीच्या दिवशीच करारपत्राची अटींची पाने वाचून वर्गीकरणाचे टिपण फाइलला लावण्याची सवय लावून घ्यावी. नंतर वर्ग बदलायचा झाल्यास संचालक मंडळाची मान्यता आणि रिझर्व्ह बँकेच्या पर्यवेक्षण विभागाची पूर्वपरवानगी अशी दोन्ही लागतात, त्यामुळे ‘पुढे पाहू’ म्हणण्याची सोय उरलेली नाही. एचटीएममधूनही वर्षभरात सुरुवातीच्या पुस्तकी मूल्याच्या पाच टक्क्यांपलीकडे विक्री करायची तर अशीच परवानगी घ्यावी लागते, काही ठरावीक प्रकारच्या विक्रींचा अपवाद सोडून.

जुनी पद्धत जाणून घेतल्याशिवाय नव्या पद्धतीचे मर्म कळत नाही. पूर्वी एएफएसमधील रोख्यांचे मूल्यांकन एकेका रोख्यानुसार होई, बेरीज मात्र प्रकारानुसार केली जाई. त्या प्रकारात निव्वळ घट आली तर तिची तरतूद नफ्यातून करायची आणि निव्वळ वाढ आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करायचे. सावधगिरी म्हणून हे ठीक होते. पण परतावा चढू लागला की बँकांचे तिमाही निकाल त्याखाली दबून जात. २०१७-१८ च्या उत्तरार्धात असेच झाले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो तोटा चार तिमाह्यांमध्ये विभागण्याची मुभा दिली आणि त्याचबरोबर गुंतवणूक चढउतार राखीव निधी उभारायला सांगितला. माझ्या मते तोटा विभागून देणे हा आजारावरचा उपाय नव्हता, वेदनाशामक गोळी होती. आता वाढ आणि घट दोन्ही दिसतात, एएफएस राखीव निधी मूळ भांडवलात धरला जातो, आणि त्यातील न वसूल झालेला नफा लाभांश म्हणून वाटता येत नाही. हे अधिक प्रामाणिक आहे.

एचटीएमच्या आकड्याने किती झाकले जाऊ शकते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचा २०२२ चा ताळेबंद वाचावा. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे तेथे खर्चाने दाखवलेले होते आणि त्यांचे रास्त मूल्य त्याहून सुमारे १५ अब्जांनी कमी होते. ही माहिती लपवलेली नव्हती. ती ताळेबंदासोबतच दिलेली होती. ठेवीदार पैसे काढू लागल्यावर बँकेने एएफएसमधील सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा पत्करला आणि १० मार्च २०२३ रोजी नियामकांनी बँक बंद केली.

किंमत कुठून येते, हा भाग सर्वांत रोचक आहे. आपल्याकडे सरकारी रोख्यांचे व्यवहार मुख्यतः २००५ पासून चालू असलेल्या एनडीएस-ओएम या मंचावर होतात आणि त्यांची पूर्तता मुंबईतील क्लिअरिंग कॉर्पोरेशन करते. मूल्यांकनासाठी केंद्र आणि राज्य सरकारांच्या रोख्यांचे दर एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. ३१ मार्च २०१८ पासून हे काम तिच्याकडे आले, त्याआधी ते फिमडा ही बाजारातील संस्थांची संघटना करीत असे. संध्याकाळी दरांची फाइल उतरवली की ती आपल्या धारणेशी आयसिन या प्रत्येक रोख्याच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाने जुळवायची, रोख्याच्या नावाने कधीही नाही. राज्यांच्या कर्जरोख्यांत एकच कूपन आणि एकच परतफेडीचे वर्ष असलेले रोखे अनेक राज्यांचे, काही वेळा एकाच राज्याचेही, सापडतात. तिमाहीअखेर दरांची फाइल उतरवल्याची वेळ, ती कोणी उतरवली आणि कोणी तपासली, याची नोंद दरांइतकीच मोलाची असते.

याच टप्प्यावर व्याजाचा घोळ होतो. जाहीर होणारा दर हा व्याजाशिवायचा, म्हणजे क्लीन भाव असतो. मागील कूपन तारखेपासूनचे साचलेले व्याज वेगळ्या खात्यात असते आणि सरकारी रोख्यांत ते तीस दिवसांचा महिना आणि तीनशे साठ दिवसांचे वर्ष धरून काढतात. पुस्तकी बाजूला चुकून व्याजासह किंमत आणि बाजार बाजूला व्याजाशिवायची किंमत घेतली गेली, तर चांगल्या रोख्यावर नसलेला तोटा दिसू लागतो. सगळ्याच रोख्यांवर थोडाथोडा आणि कूपन तारीख जितकी जुनी तितका मोठा तोटा दिसत असेल, तर बाजाराकडे न पाहता आधी हे तपासावे.

कंपन्यांच्या रोख्यांत खरी कसोटी लागते. पुष्कळ रोखे महिनोन्महिने हातच बदलत नाहीत. अशा वेळी समान मुदतीच्या सरकारी रोख्याचा परतावा घेऊन त्यावर पतमानांकन आणि मुदत यांनुसार जाहीर झालेला जादा दर चढवतात आणि त्या बेरजेने किंमत काढतात. आमच्याकडे एकदा तिमाहीच्या अखेरच्या दिवशी एका रोख्यात अगदी लहान रकमेचा एकच व्यवहार नोंदला गेला, तोही चढ्या भावाने, आणि डीलिंग रूमचा आग्रह होता की ‘बाजारभाव आहे, तोच घ्या.’ मिड ऑफिसने त्याच पतमानांकनाच्या इतर रोख्यांचे त्या आठवड्यातले व्यवहार मांडून दाखवले आणि जादा दराच्या पद्धतीने आलेली किंमत कायम ठेवली. असा वाद घालताना आवाज चढवायचा नसतो, तक्ता पुढे करायचा असतो. मूल्यांकन करणारा विभाग व्यवहार करणाऱ्यांपासून वेगळा ठेवण्याचे कारणही हेच: ज्याचा बोनस भावावर ठरतो, त्याने भाव ठरवू नये.

यावरूनच तीन स्तरांची विभागणी कळते. सक्रिय बाजारात तंतोतंत त्याच रोख्याचा, कोणतीही दुरुस्ती न केलेला भाव उपलब्ध असेल तर पहिला स्तर. भाव थेट नाही, पण परताव्याची वक्ररेषा, जादा दर अशा बाजारात दिसणाऱ्या आधारांवरून काढता येतो, तर दुसरा. आणि महत्त्वाचा आधार बाजारात दिसतच नाही, आपले गृहीतक घालावे लागते, तर तिसरा. स्तर हा रोख्याच्या दर्जाचा शिक्का नाही. उत्तम पतमानांकनाचा रोखा तिसऱ्या स्तरात असू शकतो आणि डळमळीत कंपनीचा रोज उलाढाल होणारा शेअर पहिल्या. तिसऱ्या स्तरातील न वसूल झालेल्या निव्वळ नफ्याची रक्कम मूळ भांडवलातून वजा करावी लागते, त्यामुळे ‘दुसरा की तिसरा’ हा प्रश्न कागदी राहत नाही.

बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या शेअरचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याचे मूल्य कंपनीच्या अलीकडच्या ताळेबंदावरून, पुनर्मूल्यांकनाचा निधी वगळून काढतात. पण तो ताळेबंद मूल्यांकनाच्या तारखेच्या अठरा महिन्यांपलीकडचा असेल किंवा मिळतच नसेल, तर त्या कंपनीतील सगळ्या शेअरांचे मूल्य मिळून एक रुपया. प्रत्येकी नव्हे, मिळून. म्हणून मार्च उजाडायची वाट न पाहता डिसेंबरातच अशा कंपन्यांना पत्रे धाडावीत. मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांनी बँकांची थकीत कर्जे घेताना बदल्यात दिलेल्या सिक्युरिटी रिसीट्सचे मूल्यही त्या कंपन्यांनी जाहीर केलेल्या निव्वळ मालमत्ता मूल्यावर अवलंबून असते, आणि ते जुने असेल तर तगादा लावणे हे तुमचेच काम.

नागरी सहकारी बँकांत काम करणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे, कारण अशा बँका महाराष्ट्रात सर्वाधिक आहेत. वर सांगितलेले २०२३ चे व्यापारी बँकांचे निर्देश त्यांच्यासाठी नाहीत. त्यांचे निर्देश स्वतंत्र आहेत आणि त्यांत एचटीएम, एएफएस, एचएफटी ही जुनी रचना आणि घट धरून वाढ सोडण्याची पद्धत आहे. व्यापारी बँकेतील मित्राचा तक्ता जसाच्या तसा उचलला, तर एएफएसमधील फरक भलत्याच खात्यात जाईल. उलट दिशेने नोकरी बदलणाऱ्यांनाही मुलाखतीत हाच फरक विचारला जातो.

अहवालाच्या बाजूला, बँकेच्या वार्षिक अहवालात गुंतवणूक आठव्या अनुसूचीत दाखवलेली असते, अवलंबलेली लेखापद्धती साधारणतः सतराव्या अनुसूचीत आणि तपशीलवार टिपणे अठराव्या अनुसूचीत सापडतात. एखादी व्यापारी बँक निवडून २०२३-२४ आणि २०२४-२५ हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. १ एप्रिल २०२४ रोजी पद्धत बदलताना आलेला फरक नफ्यात न घेता राखीव निधीत नेलेला दिसेल, वर्गवार आणि स्तरवार तक्ते नव्याने आलेले दिसतील, आणि एचटीएमचे पुस्तकी मूल्य व रास्त मूल्य यांतील अंतरही काढता येईल. एएफएसमधील कर्जरोखा विकल्यावर राखीव निधीत साचलेला फरक नफा-तोटा पत्रकात येतो, पण खरेदीच्या वेळी एएफएसमध्ये ठेवायचा पर्याय निवडलेल्या शेअरवरील नफा तसा येत नाही, तो भांडवली राखीव निधीत जातो; हा बारकावा लेखापद्धतीच्या टिपणात शोधून काढावा. तो सापडला, त्यातील दोन्ही नोंदी कोऱ्या कागदावर नावे-जमा करून मांडता आल्या, की पहिल्या तिमाहीअखेरच्या रात्री कोणत्याही वरिष्ठाला न विचारता निम्म्याहून अधिक काम हातावेगळे करता येते.