रोबोचा ढिला खांदा आणि मालवणची खारी हवा

मालवणात समुद्राजवळ राहून गाडी होणारे खेळण्यातले रोबो जमवायचे, तर खारी हवा आधी लक्षात घ्यावी लागते. ओळखीतून आलेली लाल स्पोर्ट्स कार देखणी होती. दारं, टप, बॉनेट यांच्या फटी सरळ जुळत होत्या, चारही चाकं टेकत होती. रोबो केला की मात्र उजवा हात खाली पडायचा. पाठीचे स्क्रूही गंजलेले.

हा खांदा गोळी-खोबणीचा, म्हणजे निव्वळ घर्षणावर टिकणारा. (कटकट वाजणाऱ्या दातेरी सांध्याला पुढचा उपाय लागू नाही.) हात काढला, गोळी पुसली, तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा अगदी पातळ थर दिला आणि रात्रभर वाळू दिला. ओलं असताना बसवू नका, हात कायमचा चिकटेल. नेलपॉलिश काही प्लास्टिकना खातं, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी थेंब लावून पाहावा. दुसऱ्या थरानंतर हात आडवा ठरला, फार बरं वाटलं!

गंजके स्क्रू त्याच मापाच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी बदलले. आधी हलकेच उलटे फिरवायचे, जुन्या आट्यात बसले की मग आवळायचे.

किंमत ठरवताना खेळण्याच्या तळावर उमटवलेल्या एकट्या वर्षावर विसंबू नका. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स हे असे रूप बदलणारे रोबो आणले, तेव्हा बरेच साचे जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन या खेळणी-मालिकेतले होते, आणि जुन्या साच्यांतून नंतरही खेळणी निघत राहिली. पावसाळ्यात रोबो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो.