भर बाजारात लोळण घेणारं लेकरू

लेक अडीच वर्षांची. लातूरच्या गंजगोलाईत फुगा दिसला की रस्त्यातच लोळण. सासूबाई म्हणतात, "देऊन टाक की गं, कशाला रडवतीस!" मी देत नाही, ओरडतही नाही. शेजारी उकिडवी बसते, आवाज खाली आणते: "फुगा पाहिजे होता. राग आला ना? आज नाही घ्यायचा." बास. रडं टिपेला असताना समजावणं वाया जातं. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, इथं तर नुसती सुरुवात. हात उगारला तर हलकेच धरते, "मारू देणार नाही." हुंदके ओसरले की दोनच पर्याय: "कडेवर येतीस का चालतीस?" बघणारे बघू देत. आणि हो, आता बाजाराला झोप झाल्यावर, दूध-भाकर खाऊ घालूनच निघतो. निम्मे तमाशे भुकेचेच होते.