मॅन्युअलची छापील प्रत विकण्याआधी पैशांची घडी कशी बसवायची

ओपन सोर्स प्रकल्पाचं, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरचं, मॅन्युअल (वापराची पुस्तिका) स्वयंसेवक मिळून लिहितात. पीडीएफ फुकट असते, तरी कार्यशाळेत आणि कॉलेजच्या लायब्ररीत छापील प्रतीची मागणी होतेच. मग कुणीतरी आपल्या फोनवरचा क्यूआर कोड पुढे करतो आणि गटाचे पैसे त्याच्या बचत खात्यात पडायला लागतात. घोळ इथेच सुरू होतो. प्राप्तिकर खात्याला ते त्याचं उत्पन्न दिसतं, आणि उद्या तो गटातून बाहेर पडला तर उरलेल्यांना त्या पैशांना हात लावता येत नाही. म्हणून पुस्तक छापखान्यात जाण्याआधी गटाच्या नावाने खातं उघडा.

महाराष्ट्रातली रीतसर वाट म्हणजे किमान सात जणांनी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवायची, संस्थेचा पॅन काढायचा आणि मग बँकेत जायचं. नोंदणी न करता गटाच्या नावावर पॅन मिळतो, पण सभासदांचे वाटे ठरलेले नसतील तर नफ्यावर सर्वांत वरच्या दराने कर बसतो. तिसरा पर्याय आधीच नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखाली जाण्याचा. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या प्रकल्पांचे पैसे अमेरिकेतली ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ सांभाळते आणि देणग्यांतून ५ टक्के ठेवून घेते. इथल्या संस्थेशी असं काही ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या: ती किती टक्के कापणार, हिशेब दर महिन्याला देणार का, आणि गट वेगळा झाला तर शिल्लक रक्कम आणि न विकलेल्या प्रती कुणाच्या.

खात्यावर दोघांच्या सह्या लागतील असं ठेवा. नेटबँकिंगमध्ये एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची. हिशेब तिसऱ्याने लिहावा.

पुढे परवाना. सीसी बाय-एसए किंवा जीपीएल अशा मुक्त परवान्यांखालचा मजकूर विकायला मोकळीक आहे, अर्थात ती इतरांनाही आहे. कुणी तेच पुस्तक नियम पाळून स्वस्तात विकलं तर तक्रार करता येत नाही. अडचण येते ती एखाद्या आकृतीमुळे: एकच चित्र ‘एनसी’ (व्यापारी वापराला मनाई असलेल्या) परवान्याचं निघालं तरी विक्री अडते. प्रत्येक चित्राचा परवाना तपासा आणि नसेल चालत तर नवं काढून घ्या. जीएफडीएल या मॅन्युअलसाठीच्या मुक्त परवान्याखालच्या मजकुराच्या १०० पेक्षा जास्त प्रती छापल्या तर संपादन करता येईल अशी फाइल सोबत द्यावी लागते किंवा ती कुठून उतरवता येईल तो पत्ता छापावा लागतो, आणि शेवटची प्रत गेल्यावर किमान वर्षभर तो पत्ता चालू ठेवावा लागतो. मुखपृष्ठावरच्या लोगोची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे, ती मूळ प्रकल्पाकडून घ्या.

आता किंमत. समजा ३०० प्रती छापल्या, प्रत्येकी १४० रुपये पडले, म्हणजे खर्च ४२,००० रुपये. छापील किंमत ३०० ठेवली आणि टपालखर्च वेगळा घेतला, तर थेट विक्रीत १४० प्रती गेल्या की छपाई वसूल. तेच पुस्तक दुकानातून ४० टक्के कमिशनवर गेलं तर हातात १८० येतात आणि वसुलीला २३४ प्रती लागतात. त्यात छापलेल्या ३०० मधून लेखकांच्या २५ भेटप्रती आधीच वजा झालेल्या असतात, म्हणजे विकायला २७५च उरतात. दुकानावर सगळी भिस्त ठेवली की गणित असं काठावर येतं. शिवाय दुकानदार पैसे प्रती विकल्यावर देतो आणि उरलेल्या परत करतो, त्यांतल्या काहींचे कोपरे दुमडलेले असतात. दुकानात ठेवलेल्या प्रती साठा म्हणूनच लिहा; उत्पन्न धरू नका.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. टी-शर्ट आणि स्टिकर मात्र करपात्र, ते त्याच पावतीत घुसडू नका.

हिशेबातली सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे हातात आलेली रक्कमच विक्री म्हणून लिहिणं. वाचकाने पेमेंट गेटवेवरून (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवरून) ३०० रुपये भरले. गेटवेचं शुल्क २ टक्के असेल तर ६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १.०८. खात्यात २९२.९२ जमा होतात, तेही एक-दोन दिवसांनी, इतर विक्रीसोबत एकत्र. तरीही नोंद ‘विक्री ३००, गेटवे शुल्क ७.०८’ अशीच हवी, नाहीतर प्रतींचा आणि पैशांचा ताळा कधीच बसत नाही. महिनाअखेरीला छापलेल्या प्रतींतून विकलेल्या, भेट दिलेल्या, दुकानात असलेल्या आणि खराब झालेल्या वजा करा. जे उरेल तेवढ्या प्रती कपाटात आहेत का ते प्रत्यक्ष मोजा. हिशेबाची फाइल मॅन्युअलच्याच गिट रिपॉझिटरीत (फाइलींतले बदल नोंदवत जाणाऱ्या साठ्यात) ठेवली तर प्रत्येक बदल कुणी केला ते दिसतं. ग्राहकांची नावं आणि फोन नंबर तिथे अजिबात नकोत, फक्त पावती क्रमांक.

अमेरिकी कंपनीमार्फत मागणीनुसार छापून विकत असाल तर संस्थेच्या नावाने डब्ल्यू-८बेन-ई हा अमेरिकी कराचा, परदेशी संस्थांसाठीचा फॉर्म भरा. तो नसेल तर तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-अमेरिका करारानुसार कॉपीराइटच्या रॉयल्टीवर कमाल दर १५ टक्के आहे. परदेशातून आलेली पुस्तकाची किंमत हा व्यापारी व्यवहार. त्यावर कुणी ‘वरचे राहू द्या’ म्हणून दिलेले ५ डॉलर ही देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी या कायद्यात येत नाही. नागरिकत्व बदललेल्याची येते, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी.

नफा लेखकांत वाटू नका, असं आमचं ठाम मत आहे. एकाने ४० पानं लिहिली, दुसऱ्याने तीन वर्षं चुका काढल्या, तिसऱ्याने अनुक्रमणिका बनवली; याचं मोजमाप करायला बसलं की माणसं दुखावतात आणि पुढची आवृत्ती निघत नाही. पुढच्या छपाईचे ४२,००० आधी बाजूला काढा. उरलेल्यातून मुद्रितशोधन, आकृत्या, सर्व्हर अशा कामांना पैसे द्या, पण रक्कम आणि काम आधी जाहीर करून, बिल घेऊन. ज्याला पैसे मिळणार आहेत त्याने त्या मंजुरीत मत देऊ नये.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुन्या प्रती पडून राहतात. सहा महिने निम्म्या किमतीत विका, मग उरलेल्या शाळा-कॉलेजांच्या लायब्ररींना द्या, पोच घ्या आणि साठ्यातून त्या ‘भेट, किंमत शून्य’ म्हणून वजा करा.