एर्लांगमध्ये आरक्षण-सेवा बांधताना

एर्लांग ही प्रोग्रामिंग भाषा १९८०च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी आकाराला आली. एका कॉलमधील चुकीने इतर कॉल तुटू नयेत, ही तिच्यामागची गरज होती.

नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक प्रयोगासाठी स्पॉन-लिंकने (नवी प्रोसेस सुरू करून ती सुरू करणारीशी जोडणाऱ्या फंक्शनने) स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे स्वतःची वेगळी स्मृती असलेले चालते काम, सुरू करावी आणि शिल्लक जागांची यादी तिच्या लूप फंक्शनला (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनला) आर्ग्युमेंट म्हणून द्यावी. 'ई-१२ हवी' असा मेसेज आला, की रिसीव्हमध्ये (आलेला मेसेज ठरलेल्या नमुन्यांशी ताडणाऱ्या रचनेत) तो जुळवावा, ती जागा वगळून नवी यादी तयार करावी, मागणाऱ्याला उत्तर पाठवावे आणि नव्या यादीसह लूपला पुन्हा बोलवावे. प्रोसेस एका वेळी एकच मेसेज हाताळते आणि तिची यादी दुसऱ्या कोणाच्या हाती लागत नाही. त्यामुळे लॉक (एका वेळी एकालाच यादी बदलू देणारे कुलूप) न लावताही एकच खुर्ची दोघांना विकली जात नाही. लूपला बोलावणे ही फंक्शनमधली अगदी शेवटची क्रिया असावी, नाहीतर स्टॅक, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या फंक्शनची नोंद ठेवणारी स्मृती, वाढत जातो (नवशिके हमखास इथेच अडखळतात). कोणत्याच नमुन्यात न बसणारे मेसेज मेलबॉक्समध्ये (प्रोसेसच्या मेसेजच्या रांगेत) साचत राहतात, म्हणून शेवटी काहीही स्वीकारणारा नमुना ठेवून त्यांची लॉगमध्ये नोंद करावी.

चुका जागोजागी पकडत बसू नये. प्रोसेस सुपरवायझरखाली (इतर प्रोसेसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोसेसखाली) ठेवली, की पडलेली प्रोसेस तो पुन्हा उभी करतो. मात्र तिची स्मृती कोरी असते. तेव्हा विकलेली जागा उत्तर पाठवण्यापूर्वीच डेटाबेसमध्ये लिहावी आणि प्रोसेस सुरू होताना यादी तेथूनच वाचावी.